शेवटच्या कडव्यातलं नाव

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे ही बाई नुसती जळून बोलते असं कोणी म्हणायला नको. त्याचा गळा चांगला होता. पेटीवर बोटं ठेवून त्यानं पहिला सूर लावला की माणसं हातातली बिडी विझवायची अन् रडणारं लेकरू गप व्हायचं. गळा सोन्याचा होता, डोकं मात्र रिकामं मडकं. दोन ओळी जुळवायच्या म्हणलं की त्याला घाम फुटायचा. तो माझा नवरा. होता तोवर त्याला अहो-जाहो केलं, कागदावर करणार न्हाई.

सासर भोकरदन तालुक्यातलं, राजूरपासून पायी तासाभराच्या वाटेवर. माहेर जाफराबादकडचं. माझा बाप लोकांच्या वावरात राबायचा, अन् त्याच्यापाशी एक एकतारी होती. छप्पन साली बौद्ध होताना आमच्या लोकांनी घरातले देव नदीत सोडले, तेव्हा बापानंही सोडले. एकतारी ठेवली. लोक म्हणले, भजनाची हाये ती, तीही टाक. बाप म्हणला, "हिनं काय पाप केलं बावा? शब्द जुने झाले, तार थोडीच जुनी झाली!" मी तेव्हा रांगत होते, हे आईनं सांगितलेलं. मला आठवतो तो त्याच्या पुढचा बाप. संध्याकाळी अंगणात बसून तो नवे शब्द लावायचा, अडला की मला विचारायचा, अन् मी आठ-नऊ वर्षांची पोर त्याला यमक पुरवायची. चौथीनंतर शाळा सुटली, यमक सुटलं न्हाई.

माझी शाळा म्हणाल तर तीच. अन् दुसरी बाजारात. बाजाराच्या दिवशी एक फकीर डफावर दखनीत गायचा, त्याच्या गाण्यात कोणी ना कोणी नेहमी अल्लाशी भांडत असायचं. मला ते फार आवडायचं. पलीकडच्या वाडीवरच्या धनगरणी ओव्या म्हणायच्या, त्यांची ओळ इतकी लांब की ऐकणाऱ्याचा दम निघावा. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर सिनेमातली गाणी लागायची. सगळ्या गायन पार्ट्या त्याच चाली उचलायच्या अन् त्यात आपले शब्द भरायच्या. मला ते कधी पटलं न्हाई. उसनं लुगडं कितीही भारी असलं तरी नेसणारीचं ध्यान पदराकडंच राहतं. माझ्या चाली माझ्या होत्या, बऱ्या-वाईट जशा असतील तशा.

अन् उखाणे. लग्न ठरलेल्या पोरी माझ्याकडं यायच्या, नाव घ्यायला काही तरी करून दे म्हणून. मी उभ्या-उभ्या करून द्यायचे. "कापसाच्या बोंडाला हिरवीगार साल, अमक्याचं नाव घेते, ऐकून घ्या खुशाल." ओळ कशीही वळवा, कुठूनही फिरवून आणा, शेवटी नवऱ्याचं नाव आलं पाहिजे. शंभर तरी केले असतील मी असे. जिभेला वळणच तसं पडलं, अन् त्या वळणानंच माझा घात केला.

माझं लग्न झालं अन् तीनेक वर्षांत बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीत खापर टाकलं तर खणकन वाजावं, असं साल. आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर गेलो. मी अन् माझी थोरली जाऊ, तिला मी अक्का म्हणायची, एकाच ढिगावर बसून खडी फोडायचो. अक्का तोंडाची फटकळ, पण मायेची. हाताला फोड आले तेव्हा स्वतःच्या लुगड्याची चिंधी फाडून तिनंच बांधली होती. मुकादम मात्र मेला आग्यावेताळ. बायांच्या हजेरीचं मस्टर लिहिताना मान वर करायचा न्हाई अन् शिव्या देताना खाली करायचा न्हाई.

त्याच्यावरच मी पहिलं गाणं केलं. हातोडीच्या ठोक्यावर चाल बसली. ठोका, ओळ, ठोका, ओळ.

"फोड बाई खडी, तुझा हात झाला दगड,
मुकादमाच्या तोंडाला न्हाई कुलूप, न्हाई कवाड.
रस्ता केला आम्ही, त्याच्यावरून जाणार कोण?
पायात न्हाई वहाण अन् मोटार घेणार कोण?"

चार दिवसांत सगळी गँग ते म्हणायला लागली. दुपारी सुकडी खायला बसलो की बाया म्हणायच्या, लाव गं. एक दिवस मी गाणं पुरं करत आणलं, शेवटचं कडवं तेवढं राह्यलं. शाहिरीत शेवटच्या कडव्यात गाणं करणाऱ्याचं नाव गुंफतात. त्याला छाप म्हणतात. बाप सांगायचा, छाप नसली की गाणं बेवारशी. मला हे पक्कं ठाऊक होतं. पण बाया हसून-खिदळून ओरडायला लागल्या, "नाव घे, नाव घे! नवरीवानी लाजू नको, नाव घे!" अन् माझ्या तोंडातून सवयीनं काय निघावं? नवऱ्याचं नाव. बराबर बसलं पण मेलं, एक मात्रा कमी न्हाई की जास्त न्हाई. बायांनी टाळ्या पिटल्या. मीही हसले. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा, अन् वर हसून राह्यले होते.

तो तेव्हा त्याच रस्त्यावर पुढच्या मैलाला मुरूम टाकायला होता. वाऱ्यावर त्याला गाणं ऐकू आलं अन् गाण्यात आपलं नाव. संध्याकाळी घरी आला तो फुगलेला. माझ्याकडून गाणं तीनदा म्हणून घेतलं, पेटीवर बसवलं. पुढच्या चौदा एप्रिलला जयंतीच्या गावच्या मंडपात त्यानं ते गायलं. त्याच्या गळ्यातून माझी ओळ निघाली अन् माझ्या अंगावर काटा आला, हे खोटं कशाला बोलू? मी कडेला बायांत बसले होते. छाप आली अन् सगळा मंडप ओरडला, "वा शाहीर!" त्या दिवशी तो शाहीर झाला. त्याच्या आधी तो नुसता पेटीवाला होता.

दुसऱ्या दिवशी मला म्हणतो कसा, "आणिक एखादं करून ठेव ना. घरीच तर असतेस."

घरीच तर असतेस! अरे, पाणी दीड कोसावरून कोण आणत होतं, तुझा आजा?

पण केलं. खोटं बोलणार न्हाई, मला सुचत होतं अन् दुसरीकडं म्हणायची सोय नव्हती. सरपण गोळा करताना, भाकरी थापताना ओळी जमवायच्या, वहीत लिहायच्या, त्याला चाल शिकवायची. अन् शेवटी त्याचंच नाव घालायचं, कारण गाणार तो होता अन् लोक त्याला ओळखत होते. असं मी मला समजावलं. एक झालं, दोन झाली, अकरा झाली. पार्टीला भोकरदनहून, जाफराबादहून, जालन्याहून बोलावणी यायला लागली. ढोलकीवाला, बेंजोवाला, दोन मागं म्हणणारे, सगळ्यांच्या भाकरी मी भाजायची अन् ते माझ्या दारात बसून एकमेकाला सांगायचे, "शाहिराचं डोकं काय चालतं बावा!" मी चुलीत लाकूड सारायची, जरा जास्तीच जोरात.

मंग त्यानं गाण्यांची चोपडी छापायची ठरवली. तेव्हा शाहीर लोक अशा पातळ चोपड्या छापून जयंतीला, बाजारात विकायचे. वही माझ्या अक्षरात होती अन् ते त्याला नीट लागायचं न्हाई, म्हणून मला जालन्याला छापखान्यात घेऊन गेला. खिळे जुळवणारा म्हातारा वही चाळून म्हणाला, "अक्षर कुणाचं हे? ओळी खोडून-खोडून नवीन घातल्यात. गाणी करणाराच असं खोडतो."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हा म्हणतो, "आमच्या मंडळींचं अक्षर आहे. मी सांगत जातो, ती उतरवून घेते."

असा जळला माझा जीव! गप बसला असता तरी मी गिळलं असतं. म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाह्यलं. मी जमिनीकडं पाह्यलं. का पाह्यलं जमिनीकडं, ह्याचा राग मला त्याच्यापेक्षा माझाच जास्ती येतो, अजून येतो.

बसनं घरी आलो. दारात पाय ठेवला अन् सुरू झाले. म्हणलं, "बारावं गाणं तयार आहे. पण छाप माझ्या नावाची घालीन. गाणार का?"

"येडी का खुळी? बाईचं नाव स्टेजवर? लोक जोडे मारतील."

"मंग त्या अकरातलं तुमचं नाव काढा."

तो हसला. "मी कुठं घातलं? तूच घातलंस. मी मागायला आल्तो का तुझ्याकडं?"

खरंच होतं ते. खऱ्या बोलण्यानं माणूस मारतो तेव्हा लागतं तसं खोट्यानं लागत न्हाई. मी बारावं गाणं त्याच्यासमोर चुलीत घातलं. मंग त्यानं हात उचलला. एकच थप्पड, पण कानात दोन दिवस घुमत राह्यली. अक्का मधी पडली. त्याला म्हणली, "लाज धर." मला म्हणली, "धाकले, नावात काय हाये? घरातलं घरातच ना."

तेव्हापासून त्याला एक ओळ दिली न्हाई. त्यानं स्वतः करून पाह्यलं. एका लग्नात स्वतःचं गाणं गायला, तर पाहुणे उठून जेवायला गेले. मी पंगतीत वाढत होते, माझं पोट आनंदानं भरलं. वाईट आहे का हे? असू द्या.

अशी दोन सालं गेली. मंग जाफराबादकडं एका विहाराची पायाभरणी होती. भर दुपारी मांडवात दोन पार्ट्यांचा सामना ठेवला होता. एका पार्टीनं गाण्यात सवाल टाकायचा, दुसरीनं त्याच चालीत तिथल्या तिथं जवाब द्यायचा. समोरचा शाहीर बुलढाण्याकडचा, मुरलेला माणूस. त्यानं सवाल टाकला,

"भिंत दिसे दुरून, पाया दिसे कुणाला?
सांग शाहिरा, मान कुणाचा, भिंतीला का पायाला?"

ह्यानं पेटी वाजवली. आणखी वाजवली. ढोलकीवाला फिरून-फिरून समेवर येतोय अन् शाहिराच्या तोंडातून शब्द न्हाई. लोक हसायला लागले. त्यानं बायांच्या बाजूला पाह्यलं, मी कुठं बसले ते शोधत. त्याच्या कपाळावरचा घाम मला एवढ्या लांबून दिसत होता. माझ्या जिवाला गारवा वाटला, खरं सांगते. पण माझा बाप त्या मांडवात बसला होता, माझ्या माहेरची सगळी माणसं बसली होती, अन् त्याहून खरं म्हणजे जवाब माझ्या जिभेवर येऊन थांबला होता. तो मला गिळता येईना. मी उभी राह्यले,

"भिंत पडली, पुन्हा बांधू, गवंडी आणू नवा,
पाया हलला तर सांगा, उभं राहील कोण बावा?"

मांडव उसळला. समोरच्या शाहिरानं हात जोडले अन् विचारलं, "बाई, गुरू कोण तुमचा?" मी बापाकडं बोट करायला हात उचलला, तेवढ्यात ह्यानं भोंग्यात सांगून टाकलं, "माझीच शिष्या आहे ती! माझी बायको!" अन् लोकांनी हार कुणाच्या गळ्यात घातला असंल? शिष्येला एवढं तयार केलं म्हणून त्याच्या. गळ्यात हार घालून तो लोकांना नमस्कार करत होता अन् मी उभीच.

पण त्याच्या तोंडानंच तो अडकला. आता लोक म्हणायला लागले, शिष्येलाही आणा. मला बाहेर पडायला वाट पाहिजे होती, ती ही असंल तर ही. मी बापाची एकतारी मागून आणली अन् उभी राह्यले. एकच अट घातली, नवीन गाण्यात छाप घालणार न्हाई. तुमची घालणार न्हाई अन् माझी तुम्ही घालू देणार न्हाई, तर मंग कुणाचीच नको. शिष्यानं गुरूचं नाव घ्यायचं असतं, त्यावरून लोक कुरकुरायचे, पण ऐकायचे. दोन-अडीच सालं मी अशी मुंडकं नसलेली गाणी गायले. तो मागं पेटीवर. चेहरा पडलेला, बोटं मात्र माझ्या सुराखाली बिनचूक. शेवटी तो आपली अकरा म्हणायचा.

सत्तरचं दशक सरता-सरता त्याला कावीळ झाली. झाडपाल्यात दिवस घालवले, दवाखान्यात नेला तोवर उशीर झाला होता. घरी आणला. मी उसाचा रस पाजत होते. म्हणलं, आता न्हाई तर कधीच न्हाई. "एकदा चार माणसांत सांगा. गाणी माझी आहेत म्हणून सांगा. बस, दुसरं काही मागत न्हाई."

त्यानं डोळे माझ्याकडं वळवले. पिवळे डोळे. मंग म्हणला, "माझ्यापाशी दुसरं काय हाये गं? तेवढंच हाये. तेपण घेतेस का?"

मला कीव आली अन् संताप आला, दोन्ही एकदमच. वाटी पुन्हा त्याच्या ओठाला लावली. चौथ्या दिवशी तो गेला.

पुण्यानुमोदनाला अंगण भरलं होतं. पार्ट्या आल्त्या, बुलढाण्याकडचा शाहीरही आल्ता. फोटो ठेवला, वंदना झाली, भाषणं झाली. मंग एक वडीलधारे म्हणले, "बाई, शाहिराचं एखादं गाणं होऊ द्या. ते खडीचं."

मी एकतारी लावली. माझ्या मनात तेव्हा एकच गोष्ट चालली होती, ह्या बारीला नाव कोणतं घ्यायचं? कारण मला नावं दोन. एक बापानं ठेवलेलं. दुसरं ह्यानं लग्नात ठेवलेलं. आमचं लग्न नव्या पद्धतीनं लागलं, भट न्हाई, अक्षता न्हाई, सगळं बदललं, पण बाईचं नाव बदलायची खोड काही गेली न्हाई. मस्टरवर, मतदानाच्या यादीत ते दुसरंच नाव. बापानं ठेवलेलं नाव बापाच्या दारातच राह्यलं होतं, अन् बाप आदल्या सालीच गेला होता. ज्या पोरीनं आठव्या वर्षी यमक पुरवलं, तिचं नाव ते होतं. गाणं तिनं केलं होतं.

गायले. सगळी कडवी म्हणली. माझ्यासारखं ते गाणं त्यालाही कधी म्हणता आलं न्हाई, त्या दिवशी मला ते कळलं. शेवटचं कडवं आलं अन् मी बापानं ठेवलेलं नाव घेतलं. स्वच्छ घेतलं, प्रत्येक अक्षर सुटं.

टाळी न्हाई. माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. मंग कुजबुज सुरू झाली. वडीलधारे उठले, त्यांचा चेहरा लाल झाला होता. "बाई, हे काय केलंत? आज, त्यांच्या फोटोसमोर? शाहिराचं गाणं कुण्या उपटसुंभ बाईच्या नावावर चढवलंत? कोण ही? कुठली?"

मी अक्काकडं पाह्यलं. गाणं जन्मलं तेव्हा माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली तीच एक त्या अंगणात होती. दहा सालं आम्ही एका चुलीवर जेवलो होतो. तिला सगळं ठाऊक होतं, तिनं एक शब्द बोलला असता तर झालं असतं. अक्काचे डोळे रडून सुजले होते. ती माझ्याजवळ सरकली, माझा पदर ओढून हळूच विचारलं,

"धाकले, खरंच कोण गं ती बाई?"

"अक्का," मी म्हणलं, "ते माझं नाव हाये."